निर्वासितांच्या छावण्यांतून मदत-कर्मचारी काढून घेतले जातात तेव्हा : गोमा, १९९४ ते १९९७

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात युद्धक्षेत्रातील मदतकार्यावर मला बोलायचे आहे. त्यासाठी मी पूर्व झैरेमधील, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील, रवांडाच्या निर्वासितांचा १९९४ ते १९९७ हा कालखंड निवडला आहे. ठळक घटनाक्रम माझ्याजवळ आहे. रवांडात हुतू अतिरेक्यांनी केलेल्या तुत्सी जमातीच्या वंशसंहारानंतर, जुलै १९९४ च्या मध्यास, अवघ्या काही दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसे सीमा ओलांडून गोमा शहरात आणि परिसरात आली. लाव्ह्याच्या कठीण खडकावर त्यांच्या छावण्या पडल्या, जेथे ना शौचकूप खणता येत होते ना कबरी, आणि पहिल्या महिनाभरात पटकीने व हगवणीने सुमारे ५० हजार माणसे दगावली. पुढे दोन वर्षांनी लोराँ काबिला यांच्या, रवांडाचा पाठिंबा असलेल्या बंडखोर आघाडीने या छावण्यांवरच हल्ले केले, तेव्हा परदेशी मदत-कर्मचारी गोमातून बाहेर पडले.

माझा गोंधळ त्यानंतरच्या चर्चेमुळे झाला आहे. काही लेखक नोव्हेंबर १९९४ मध्ये डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत-संस्थेच्या फ्रेंच शाखेने छावण्या सोडल्या त्याचा उल्लेख करतात आणि ‘मदत-संस्थांनी निर्वासितांकडे पाठ फिरवली’ असे म्हणतात. काही जण नोव्हेंबर १९९६ च्या माघारीबद्दल तेच वाक्य लिहितात. या दोन्ही घटना एकाच प्रकारच्या आहेत का? १९९६ साली थांबणे खरोखरच शक्य होते का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परदेशी माणसे विमानात किंवा गाडीत बसून निघून गेल्यावर मागे नेमके काय चालू राहते आणि काय बंद पडते? भावनिक लेखन पुष्कळ वाचून झाले आहे. ज्यांना या विषयाची किंवा अशा कामाची माहिती आहे त्यांनी तपशिलाने लिहावे, ही विनंती.

---

वाटसरू

कृष्णाकाठ ताई, या दोन घटना एकमेकींपासून वेगळ्या काढल्याखेरीज आपल्याला पुढे बोलताच येणार नाही, त्यामुळे तेथूनच सुरुवात करतो.

१९९४ च्या छावण्यांत केवळ पळून आलेले गावकरी नव्हते. रवांडाच्या पराभूत सरकारचे सैन्य आणि वंशसंहारात हत्यारे चालवणाऱ्या इंटरहाम्वे टोळ्याही त्यांच्यासोबत, किंबहुना त्यांना पुढे घालून, सीमा ओलांडून आल्या होत्या. छावण्यांची मांडणी रवांडातल्या जिल्हा-गावांप्रमाणेच झाली आणि शिध्याचे वाटप त्याच जुन्या अधिकाऱ्यांच्या हातून होऊ लागले. ते माणसांचा आकडा फुगवून सांगत, जादा धान्य विकत आणि त्या पैशातून सैन्य पुन्हा उभे करत. ज्याने गावी परतण्याची इच्छा बोलून दाखवली त्याला धमकावले जाई, कित्येकांना ठारही केले गेले. आपण वाटत असलेले पीठ आणि औषधे पुढच्या युद्धाची शिदोरी होत आहेत, हे फ्रेंच शाखेच्या लक्षात आले आणि ती बाहेर पडली. ही तत्त्वासाठी घेतलेली माघार होती; त्या दिवशी कोणी त्यांच्यावर गोळ्या झाडत नव्हते. त्याच संस्थेच्या बेल्जियन आणि डच शाखा मात्र १९९५ पर्यंत थांबल्या, यावरून एकाच संस्थेतही किती मतभेद होते याची कल्पना यावी.

त्या माघारीने छावण्यांत फारसे काही बदलले नाही, कारण रिकाम्या झालेल्या जागेवर दुसऱ्या संस्था आल्या. यासाठी मी संस्थांना फार दोष देत नाही. निर्वासितांमधून सशस्त्र माणसे वेगळी काढणे हे परिचारिकेचे किंवा धान्य मोजणाऱ्या माणसाचे काम नव्हे, ते सैन्याचे किंवा पोलिसांचे काम आहे. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली यांनी त्यासाठी अनेक देशांकडे सैन्य मागितले, पण होकार जवळजवळ कोणाकडूनच आला नाही. अखेर सदाको ओगाता यांच्या नेतृत्वाखालील संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने १९९५ च्या आरंभी झैरेचे अध्यक्ष मोबुटू यांच्याच सुमारे दीड हजार सैनिकांना पगार देऊन छावण्यांच्या बंदोबस्तावर ठेवले. चोऱ्यामाऱ्या काही प्रमाणात कमी झाल्या, परंतु छावण्यांवरील सत्ता ज्यांच्या हाती होती त्यांच्याच हाती राहिली. १९९६ मध्ये जे घडले त्याचे मूळ माझ्या मते या नकारात आहे.

आता १९९६. ऑक्टोबरमध्ये गोमाच्या दक्षिणेकडील दक्षिण किवू प्रांतात लढाई पेटली आणि सर्वप्रथम उविराभोवतालच्या छावण्या उधळल्या गेल्या. ३० ऑक्टोबरला त्या प्रांताचे मुख्य शहर बुकावू पडले. त्याच आठवड्यात गोमाच्या उत्तरेकडील किबुम्बा छावणीवर मारा होऊन तेथील लोक गोमाच्या पश्चिमेकडील मुगुंगा छावणीकडे धावले. नोव्हेंबरच्या आरंभी गोमा शहर बंडखोरांच्या ताब्यात गेले आणि अडकून पडलेले परदेशी कर्मचारी सीमेपलीकडे रवांडात नेण्यात आले. शहरात गोळीबार चालू होता, छावण्यांकडे जाणारे रस्ते बंद होते, विमानतळ वापरता येत नव्हता. थांबून त्यांनी काय केले असते, या प्रश्नाला मला तरी उत्तर सापडत नाही. तेव्हा १९९६ ची माघार टाळता येण्यासारखी नव्हती, असे माझे मत आहे.

पण टाळता येत नव्हती म्हणून तिचे परिणाम सौम्य ठरत नाहीत. सुमारे दोन आठवडे १० लाखांहून अधिक माणसे नेमकी कोठे आहेत, हे बाहेरच्या जगात कोणालाही सांगता येत नव्हते. १५ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने १०८० क्रमांकाचा ठराव करून कॅनडाच्या नेतृत्वाखाली बहुराष्ट्रीय दल पाठवण्यास मंजुरी दिली आणि नेमके त्याच दिवशी मुगुंगा फुटून लोकांचे लोंढे रवांडाच्या दिशेने निघाले. काही दिवसांत ५ लाखांहून अधिक माणसे परतली आणि दल पाठवण्याची गरजच उरली नाही असे सांगून डिसेंबरमध्ये तो विषय गुंडाळण्यात आला. प्रत्यक्षात आणखी कित्येक लाख माणसे पश्चिमेकडे जंगलात शिरली होती. उच्चायुक्तालय म्हणत होते की लाखो माणसे अद्याप आत आहेत. रवांडाचे सरकार आणि अमेरिकी अधिकारी म्हणत होते की तो आकडा फुगवलेला आहे. जमिनीवर मोजणारा कोणी नसल्यामुळे माणसांची संख्या हाच राजकीय वादाचा मुद्दा झाला आणि ज्याला दल पाठवायचे नव्हते त्याला कमी आकडा सोयीचा ठरला. आपण ‘काय बंद पडते’ असे विचारले आहे. धान्य आणि औषधांबरोबर ही मोजणीही बंद पडते, आणि गोमाच्या बाबतीत तिची किंमत सर्वांत जबर होती, असे मी म्हणेन.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. जंगलातून शेकडो किलोमीटर पायी गेलेले लोक लुबुटूजवळ टिंगी-टिंगी येथे गोळा झाले. तेथे रस्त्यालाच धावपट्टी करून विमाने उतरत असत. फेब्रुवारी १९९७ मध्ये ओगाता स्वतः तेथे जाऊन आल्या. महिनाअखेरीस बंडखोर जवळ येताच मदत-कर्मचारी विमानाने काढण्यात आले आणि लगोलग छावणी पडली. वाचलेले लोक किसांगानीच्या दक्षिणेस रेल्वेमार्गालगत बियारो आणि कासेसे येथे पोहोचले. एप्रिलमध्ये संस्थांना तेथे जाण्यास मज्जाव झाला आणि पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा छावण्या रिकाम्या होत्या. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या काळातील हत्यांची नोंद घेतली आहे, आणि त्यांतील काही हल्ले सक्षम न्यायालयात सिद्ध झाल्यास वंशसंहार ठरू शकतील असेही म्हटले आहे.

---

विहीर_बारव

वाटसरूंनी इतिहास नीट मांडला आहे, त्यात मी भर घालणार नाही. ‘मागे काय चालू राहते’ या प्रश्नाबद्दल मात्र थोडे सांगू शकतो, कारण मी काही काळ पूर्व चाडमध्ये, पश्चिम सुदानमधील दारफूरच्या निर्वासितांच्या छावण्यांत एका संस्थेच्या पाणीपुरवठा विभागात काम केले आहे. तेथे सुदानच्या सीमेलगत १२ छावण्या होत्या, २ लाखांहून अधिक माणसे होती, आणि चाडचे स्वतःचे बंडखोर तत्कालीन अध्यक्ष इद्रिस देबी यांच्या सरकारविरुद्ध त्याच पट्ट्यातून ये-जा करत होते. २५ नोव्हेंबर २००६ रोजी त्यांनी अबेशे हे मदतकार्याचे मुख्य ठाणे थोड्या काळासाठी ताब्यात घेतले, त्या गडबडीत संयुक्त राष्ट्रांची गोदामे लुटली गेली आणि त्यानंतरच्या काही दिवसांत गेरेडा, इरिबा, बहाई अशा उत्तरेकडील ठिकाणांहून बहुतेक कर्मचारी हलवण्यात आले.

गोमा आणि चाड यांत एक मोठा फरक आहे, तो आधी सांगतो. चाडच्या बंडखोरांचे वैर राजधानीशी होते, निर्वासितांशी नव्हते. त्यांना आमच्या गाड्या, उपग्रह-फोन आणि डिझेल हवे असे. त्यामुळे कर्मचारी गेले तरी छावणी जागेवर राहत होती आणि आमच्यापुढचा प्रश्न ती चालू ठेवण्याचा होता. गोमात छावणी हेच लक्ष्य होते. तेथे कितीही पूर्वतयारी केली असती तरी ती पहिल्या तोफगोळ्याबरोबर संपली असती.

निर्णय कसा होतो, तेही सांगतो. त्या काळी संयुक्त राष्ट्रांची सुरक्षेची पाच टप्प्यांची पद्धत होती. चौथ्या टप्प्याला नेहमीचे काम थांबवून केवळ तातडीच्या कामापुरती माणसे ठेवायची आणि पाचव्याला सर्वांनी निघायचे. २०११ पासून ती पद्धत बदलली आहे आणि धोक्याइतकेच कामाचे महत्त्वही तोलले जावे असा प्रयत्न असतो. कागदावर खासगी संस्था स्वतंत्र असतात, परंतु छोटी विमाने संयुक्त राष्ट्रांची, सशस्त्र सोबत मिळालीच तर त्यांच्यामार्फत, आणि जखमीला बाहेर काढण्याची सोयही तीच. त्यामुळे ते निघाले की बाकीच्यांनी थांबणे फार कठीण होते. विमा कंपनीही मग मुख्यालयाला प्रश्न विचारू लागते.

आता पाणी. आणीबाणीत माणशी दिवसाला १५ लिटर हे किमान प्रमाण धरले जाते. २० हजार वस्तीच्या छावणीला म्हणजे रोज ३ लाख लिटर. विंधन विहिरीवर मोटारपंप असेल तर जनित्राला डिझेल लागते. डिझेलचा टँकर अबेशेहून येतो. टँकर येण्यासाठी रस्ता मोकळा लागतो. ही साखळी एका ठिकाणी तुटली की टाक्यांत जेवढे पाणी असेल तेवढेच उरते, आणि त्या कोरड्या प्रदेशात ते दुसऱ्या दिवशी संपते. त्याउलट हातपंपाला कोणाचीच वाट पाहावी लागत नाही. आमच्या छावणीत दोन्ही प्रकार होते, आणि परदेशी माणसे गेल्यावर हातपंपांवरच्या रांगा लांबल्या खऱ्या, पण त्या चालू राहिल्या. मोटारपंपही बंद पडले नाहीत, कारण ते चालवणारे निर्वासितच होते आणि त्यांना वेळीच शिकवलेले होते. क्लोरीन किती टाकायचे, नळावर ते कसे तपासायचे, जनित्राचे तेल केव्हा बदलायचे, हे सारे त्यांना आमच्याइतकेच कळत होते. नसे ती किल्ली; डिझेलच्या कोठाराची किल्ली नेहमी गोऱ्या किंवा माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाकडे असायची. निघण्याच्या दिवशी ती कोणाकडे द्यायची यावर आमच्या कार्यालयात जेवढा वाद झाला तेवढा सुरक्षेवरही झाला नसेल.

तयारी असेल तर माघारीपूर्वी जादा शिधा एकदम वाटला जातो, दवाखान्यात औषधांचा साठा वाढवला जातो, स्थानिक कर्मचाऱ्यांना पुढचा पगार रोख दिला जातो आणि नोंदणीच्या याद्या सोबत नेल्या जातात किंवा नष्ट केल्या जातात, कारण कोण कोणत्या जमातीचा आणि कोणत्या झोपडीत राहतो ही माहिती चुकीच्या हातात पडणे फार धोक्याचे असते. जादा शिध्याचीही एक बाजू आहे; घरात दोन महिन्यांचे धान्य असलेली छावणी लुटारूंना जास्त मोलाची वाटते. आमच्याकडे छावणीतल्या स्त्रियांनीच ‘थोडेथोडे द्या’ असे सांगितल्याचे मला आठवते, आणि वेळापत्रक बनवणाऱ्यांनी ते ऐकले नाही.

---

शुभदा_वेलणकर

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत. तरी दोन ठिकाणी माझे मत वेगळे आहे.

पहिले, ‘मोजणारे आणि पाहणारे गेले म्हणून अनर्थ झाला’ हे वाटसरूंचे म्हणणे मला पूर्ण पटत नाही. टिंगी-टिंगीत पाहणारे होते. तेथून बातम्या येत होत्या, खुद्द उच्चायुक्त जाऊन आल्या होत्या, तरीही कोणत्याही सरकारने बोट हलवले नाही. याहून वाईट म्हणजे, १९९७ च्या वसंतात डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सनेच जाहीर केले की शाबुंडाच्या परिसरात बंडखोर मदत-संस्थांच्या सोबत आपली माणसे ‘मार्गदर्शक’ म्हणून देत होते, संस्था जंगलात लपलेल्या निर्वासितांना शोधून रस्त्यालगत आणत होत्या आणि मागोमाग सैनिक येऊन त्यांना मारत होते. अशा वेळी मदत-कर्मचाऱ्याचे तेथे असणेच आमिष ठरते. सप्टेंबर १९९७ मध्ये उच्चायुक्तालयाने काँगोतील रवांडी निर्वासितांसाठीचे काम स्थगित केले त्यामागे हाच अनुभव होता. म्हणून ‘राहणे’ म्हणजे संरक्षण आणि ‘जाणे’ म्हणजे त्याग, असे गृहीत धरून आपल्या गटात बोलू नये, असे मी सुचवेन.

तुलनेसाठी आपल्या शेजारचे उदाहरण घ्यावे. सप्टेंबर २००८ मध्ये श्रीलंका सरकारच्या सांगण्यावरून संयुक्त राष्ट्रांनी, तमिळ वाघांविरुद्धचे युद्ध चालू असताना, उत्तरेकडील वन्नी भागातून, किलिनोच्चीहून, आपले कर्मचारी हलवले. नागरिकांनी कार्यालयाच्या दारात जमून ‘जाऊ नका’ अशी विनवणी केली होती. तेथील लोक निर्वासित नव्हते, देशांतर्गत विस्थापित होते, परंतु प्रश्न तोच होता. २०१२ च्या अंतर्गत चौकशी अहवालाने ठपका ठेवला तो प्रामुख्याने यासाठी की, बाहेर पडल्यानंतर हाती आलेली मृतांची माहितीही संघटनेने पुरेशा स्पष्टपणे जगापुढे मांडली नाही. म्हणजे पाहणे आणि बोलणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी जागेवर असणे दरवेळी आवश्यक नसते.

दुसरे, स्थानिक कर्मचाऱ्यांचा उल्लेख आतापर्यंत ‘पुढचा पगार रोख’ एवढ्यावरच आटोपला आहे. नियम असा की परदेशी कर्मचाऱ्यांना देशाबाहेर काढायचे. देशातल्याच दुसऱ्या भागातून आणलेल्यांना जमल्यास त्यांच्या गावी पोहोचवायचे. आणि जो तेथलाच आहे त्याने तेथेच राहायचे. हा माणूस मदत-संस्थेचा म्हणून ओळखला जातो, त्याच्याकडे रेडिओ किंवा गोदामाची किल्ली असल्याचा संशय असतो आणि त्याची जमात कोणती हेही सर्वांना ठाऊक असते. गोमा-बुकावूत १९९६ साली तुत्सी कर्मचाऱ्याला झैरेच्या सैन्याची भीती होती, आणि शहर पडल्यावर दुसऱ्या बाजूच्यांना बंडखोरांची. जगभर मदतकार्यात मारल्या जाणाऱ्यांत बहुसंख्य स्थानिक कर्मचारीच असतात. विहीर_बारव यांनी किल्लीची गोष्ट सांगितली. ज्याच्या हाती ती दिली त्याचे पुढे काय झाले, हे विचारल्यास त्यांनी राग मानू नये.

---

विहीर_बारव

राग कसला, रास्त प्रश्न आहे. किल्ली पाणी-समितीच्या एका निर्वासित शिक्षकाकडे दिली होती. आम्ही परतलो तेव्हा तो सुखरूप होता आणि त्याने डिझेलचा हिशेब वहीत लिहून ठेवला होता. परंतु त्याला ना संस्थेचे ओळखपत्र होते ना विमा, आणि त्या कामाबद्दल जे मिळाले ते मानधन या नावाखाली. शुभदाताईंचा आक्षेप मला मान्य आहे.

---

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मांडणीसाठी मला आता धागा सापडला आहे : छावणी हे लक्ष्य आहे की केवळ वाटेत येणारी जागा, यावर माघारीचा अर्थ बदलतो. एक शेवटची शंका. जानेवारी २०२५ मध्ये रवांडाचा पाठिंबा असलेल्या एम-२३ या बंडखोर गटाने गोमा पुन्हा घेतले, तेव्हाच्या घटना याच मालिकेत बसवाव्यात का?

---

वाटसरू

काळजीपूर्वक बसवाव्यात. २०२५ मध्ये गोमाभोवती बुलेंगो, लुशागाला अशा छावण्यांत जी लाखो माणसे होती ती काँगोचीच विस्थापित माणसे होती, सीमा ओलांडून आलेली नव्हती. त्यामुळे कायद्याने त्यांची जबाबदारी त्यांच्याच सरकारची, आणि ते सरकार तर शहरातून हटले होते. संयुक्त राष्ट्रांनी अत्यावश्यक नसलेले कर्मचारी शहर पडण्याच्या एकदोन दिवस आधी हलवले. २७ जानेवारीला बंडखोर शहरात शिरले, विमानतळ बंद पडला आणि त्याबरोबर मदत पोहोचण्याचा मुख्य मार्गही. फेब्रुवारीत बंडखोरांनी छावण्यांतील लोकांना ७२ तासांत आपापल्या गावी जाण्यास सांगितले आणि बघता बघता त्या छावण्या मोडल्या. बुकावूत त्याच महिन्यात जागतिक अन्न कार्यक्रमाच्या गोदामातून सुमारे ७ हजार टन धान्य लुटले गेले.

शुभदाताईंच्या मुद्द्याला येथे वेगळी बाजू आहे : या खेपेस संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना शहरात राहिली. तिच्यात भारतीय तुकडीही आहे; गोमात भारतीय सैन्याचे रुग्णालय अनेक वर्षे चालू आहे, आणि जुलै २०२२ मध्ये बुटेम्बो येथे शांतिसेनेविरुद्धच्या निदर्शनांत सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले होते, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. पण राहूनही तिला हालचालीची मुभा फारशी नव्हती. शरण आलेल्या काँगोच्या सैनिकांना तळावर आसरा देणे आणि पुढे रेड क्रॉसच्या मदतीने त्यांना राजधानी किन्शासाकडे पाठवणे, एवढे मात्र त्यामुळे शक्य झाले. आपल्याला वेळ कमी असेल तर २०२५ हा भाग पाच मिनिटांत आटपावा आणि उरलेला वेळ नोव्हेंबर १९९६ मधील आकड्यांच्या वादाला द्यावा, कारण त्याबद्दल मराठीत जवळपास काहीच लिहिले गेलेले नाही.